उघडल्याबिगर कळत नाय

त्या घरात झाकणबंद वस्तू म्हणून टिकायची नाही. भिंतीवरचं घड्याळ असो, पंखा असो, विहिरीवरची मोटर असो, नाहीतर माझा नवाकोरा मिक्सर. घरमालक आधी ती वस्तू कानाशी धरून हलवणार, मग नखाने तिचं झाकण टोकरणार, आणि शेवटी पडवीत गोणपाट टाकून, पाय पसरून तिचं पोट फाडून बसणार. "अवो, चालू हाय ना ती? मग कशाला छळताय तिला?" असं त्यांची बायको आतून विचारायची. उत्तर ठरलेलं होतं. "चालू हाय ते दिसतं गो. कशापायी चालू हाय, ते उघडल्याबिगर कळत नाय."

कळून झाल्यावर ते सगळं परत जागच्या जागी बसेल याची मात्र हमी नव्हती. उरलेल्या स्क्रूंची एक चिनी मातीची बरणी होती त्यांच्याकडे, लोणच्याची. माझा मिक्सर दुरुस्त होऊन परत आला तेव्हा त्याला एकच वेग उरला होता आणि त्या वेगात चटणी छताला जाऊन लागायची. मी तावातावाने भांडायला गेले. म्हटलं आता बुवा काहीतरी सारवासारव करतील, कंपनीला शिव्या घालतील. तर हे शांतपणे म्हणाले, "बिघडवला मी. माझी चूक हाय. तुझा राग बरोबर हाय, बाय." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी पाय आपटत परत आले आणि पुढे वर्षभर पाट्यावर चटणी वाटली.

मी मूळची खर्डीची. मुरबाड तालुक्यातल्या त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक झाली, आणि रोजचं येणं-जाणं जमणारं नव्हतं म्हणून यांच्या घराला लागून असलेली खोली घेतली. घर पिढ्यानपिढ्या भात लावणारं. मधली काही वर्षं हे मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला होते. तो बंद पडला तेव्हा पुन्हा शेतीवर आले, पण येताना पान्यांची पेटी आणि उघडण्याचं व्यसन घेऊन आले. मला ते मास्तरीणबाय म्हणायचे. मी त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला मावशी म्हणायची. हे नातं कुठल्या हिशेबात बसतं ते मला विचारू नका. मावशींनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "काकू नको म्हणू गो, म्हातारं वाटतं."

वस्तू उघडण्याइतकंच काकांना तोंड उघडण्याचंही व्यसन होतं. खोटं त्यांना जमतच नसे. पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा सगळे पोहे खात गप्पा मारत असताना हे म्हणाले, "पोरगी गुणाची हाय, पण थंडीत तिला दमा व्हतो. आताच सांगितलेलं बरं." ते स्थळ मोडलं. भाऊ वर्षभर बोलला नाही. शेजारचा म्हातारा गेला तेव्हा ओटीवर बसून जो तो "देवमाणूस होता" म्हणत होता. काका म्हणाले, "देवमाणूस कसला? बायकोला मारायचा. पण भात लावावा तर त्यानंच, एक रोप वाकडं नाय." म्हाताऱ्याची बायको रडता रडता थांबली आणि तिने मान डोलावली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मावशी मात्र घरी येऊन त्यांना खूप बोलल्या. "लोकांच्या मयताला तरी तोंडाला कुलूप लावा." त्यावर हे म्हणाले, "कुलूप कशाला? ते पण मी उघडणारच."

त्यांचा एकुलता मुलगा मुरबाड-कल्याण शेअर जीप चालवायचा. बापाच्या उलट, हसऱ्या तोंडाचा, कुणालाही न दुखवणारा. मी रस्त्यात दिसले की गाडी भरलेली असली तरी थांबणार. "बसा मॅडम, या बाबाला पुढं सरकवतो." त्या वर्षी त्याचं लग्न जमवायचं चाललं होतं. मावशी मुलींचे फोटो मला दाखवायच्या आणि प्रत्येकीच्या नाकात काहीतरी खोट काढायच्या.

जीपचं इंजिन म्हातारं झालं होतं. चढावर काळा धूर सोडायचं आणि मागच्या बाकावरची माणसं खोकत उतरायची. मुलाचं म्हणणं, गॅरेजला टाकू. काकांचं म्हणणं, गॅरेजवाला काय जादू करतो? तोही उघडतोच ना? झालं. अंगणातल्या चिंचेखाली तीन जाड वासे वर एकत्र बांधून घोडी उभी केली, तिला चेनकप्पी टांगली, आणि घराला गॅरेजची कळा आली. बॉनेट काढून भिंतीला टेकवलं. त्यावर मावशींनी लगेच पापड वाळत घातले. मग पाण्याची टाकी निघाली, पाइप निघाले, तारांना खुणेची लाल-पिवळी फडकी बांधली गेली. काका खाली उताणे आणि मावशी वर पान्यांच्या पेटीशी. "चौदाचा दे गो." की चौदाचा पाना हातात. वाचायला न येणारी ही बाई पान्यांचे नंबर बोटांनी ओळखायची. शेवटी बाप-लेकाने साखळी ओढली आणि ते काळंकुट्ट धूड गाडीच्या पोटातून वर आलं, तेल गाळत, हळूहळू फिरत. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मावशी म्हणाल्या, "पोर झालं तेवा पण एवढं निरखलं नव्हतं यांनी."

जुनं इंजिन काढलं, त्याच्या जागी भंगार बाजारातून दुसरं आणलं. पण ते तसंच बसवतील तर ते काका कसले? आधी तेही उघडलं. गोणपाटावर आडवं पाडून खालचं तेलाचं भांडं काढलं, आतलं सगळं धुतलं-पुसलं. इंजिन उघडं असताना त्यात धूळ, चिंचेची पानं, कोंबडीचं पीस जाऊ नये म्हणून आतल्या भोकाभोकांत मावशींच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या, आणि प्रत्येक चिंधीला एक लांब सुतळी बांधून तिचं टोक बाहेर सोडलं होतं. इंजिनाला शेपट्या फुटल्यासारख्या दिसत होत्या. मला वाटलं असेल काहीतरी कारागिरी. त्या कशासाठी होत्या ते मला फार उशिरा कळलं. भांडं परत बसवण्याआधी सगळ्या सुतळ्या ओढायच्या, म्हणजे चिंधी आत राहण्याची भीती नाही. "मोजणारा माणूस चुकतो, सुतळी चुकत नाय," असं त्यांचं म्हणणं होतं.

काम असं अर्ध्यावर असताना दसरा आला. मावशींनी बजावलं, आज हत्याराला हात लावायचा नाही, हत्यारांची पूजा आहे. काका देवाधर्मातले नव्हते, पण या बाबतीत ते मावशींचा शब्द कधी मोडत नसत. मुलाला घेऊन ते आपट्याची पानं आणि झेंडू आणायला गेले. मावशींनी पेटीतले सगळे पाने धुऊन पाटावर ओळीने मांडले. नांगराचा फाळ, विळे, कोयता, सगळं आलं. मग त्या आडव्या पडलेल्या इंजिनालाही हळदीकुंकू लावलं. म्हणाल्या, "हा पण आपल्या घरी आलाय. याला एकट्याला कसा वगळू?" इंजिनासमोर समई ठेवली. त्या सुतळ्या पुढ्यात लोंबत होत्या. त्यातली एक नेमकी ज्योतीवर येत होती. मावशींनी बाकीच्या मागे सारल्या आणि ती एक विळ्याने सपकन कापून टाकली. "देवापुढं हे काय लोंबतंय," असं पुटपुटत तिचा तुकडा चुलीकडे भिरकावला. मी बाजूला बसून झेंडूची फुलं ओवत होते.

काका आले, इंजिनाला घातलेला हार बघून हसले. "नवरीवाणी सजवलीस की गो." दुसऱ्या दिवशी त्यांनी दिसल्या तेवढ्या सुतळ्या ओढल्या, भांडं बसवलं, आणि दोन-तीन दिवसांत नवं इंजिन जीपमध्ये गेलं. सुरू केल्यावर काकांनी भात कांडायचं मुसळ आणलं, एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानाला. बराच वेळ ऐकत उभे राहिले. "काय म्हणतंय?" मुलाने विचारलं. "लग्न कर म्हणतंय," काका म्हणाले. त्यांनी केलेला हा एकच विनोद मला आठवतो.

ती दिवाळी चांगली गेली. गाडी धूर न सोडता पळत होती.

पुढे होळीच्या आसपास, सकाळच्या पहिल्या फेरीला, मुलगा रिकामी जीप घेऊन मुरबाडच्या स्टँडकडे निघाला होता. उतारावर मागून येणारा डंपर त्याच्यावर चढला. मी शाळेत परिपाठ घेत होते तेव्हा बातमी आली. त्या घरी मी काय पाहिलं ते मी लिहिणार नाही, लिहिता येणार नाही. मावशींचा आवाज दोन दिवसांत बसला. डंपरवाल्याला पोलिसांनी धरलं, पेपरला बातमी आली, गावाने डंपरवाल्यांना शिव्या दिल्या. शिव्या देण्यात थोडा तरी आधार असतो माणसाला.

तेराव्याला एक टेम्पोवाला आला. भाजी घेऊन कल्याणला जायचा, त्या सकाळी तो डंपरच्या मागेच होता. चांगला माणूस, मुलाचा दोस्त. ओटीवर सगळ्यांसमोर, मावशीही दारात बसलेल्या असताना, तो म्हणाला, "काका, एक गोष्ट मनात ऱ्हायली हाय. डंपरवाला जोरात व्हता, हे खरं. पण वळणावर मला पुढची जीप नीट दिसली. तिची मागची लाल लाईट पेटलीच नाय. ब्रेक मारलाच नव्हता त्यानं. गाडी आपोआप जागच्या जागी थांबली, जखडल्यासारखी."

बाकीच्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मी काकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. आणि मावशींनी इतकी वर्षं पाने उगाच दिले नव्हते. ब्रेक न मारता गाडी जखडते म्हणजे इंजिन जाम झालं, एवढं त्यांनाही कळत होतं. ते इंजिन कुणी बसवलं होतं, हे तर गावाला माहीत होतं.

पोलिसांनी जीप सोडली तेव्हा ती ट्रॅक्टरला बांधून आणली. मागचा भाग चेपून गेलेला, पुढचा तसाच. काकांनी पुन्हा चिंचेखाली घोडी उभी केली. यावेळी साखळी ओढायला मुलगा नव्हता, शेजारी आले. इंजिन वर आलं, खाली गोणपाटावर टेकलं, आणि काकांनी त्यावर जुनं घोंगडं टाकलं.

आणि तिथेच थांबले. जगात जे जे बंद आहे ते उघडून पाहणारा हा माणूस, रोज सकाळी त्या घोंगड्याजवळ जाऊन बसायचा, हातात पाना घेऊन, आणि उन्हं वर आली की पाना पेटीत ठेवून शेतावर जायचा. आत काय निघेल याची त्यांना भीती वाटत होती. मला ते पाहवत नव्हतं. एकदा मी म्हटलं, "काका, भंगारात देऊन टाका. कळून आता काय होणार?" त्यांनी घोंगड्याचं सरकलेलं टोक सारखं केलं.

शेवटी मावशींनीच विषय काढला. रविवार होता, त्या आठवड्यात मी खर्डीला गेले नव्हते. त्या ओट्यावर येऊन बसल्या, पदर घट्ट गुंडाळून. "उघडा," त्या म्हणाल्या. "माझं पोर कशानं गेलं ते मला कळू द्या. डंपरवाल्याच्या हातनं गेलं, का तुमच्या?"

काकांनी घोंगडं काढलं. इंजिन आडवं केलं. पाने त्यांचे त्यांनीच घेतले, मावशी ओट्यावरून उठल्या नाहीत. मी मोबाइलचा टॉर्च धरून त्यांच्या शेजारी उकिडवी बसले. तेलाचं भांडं सुटलं. काळं, जळलेलं तेल गोणपाटावर सांडलं. आत तेल ओढून घेणारी एक जाळी असते, तिच्यातून तेल सगळ्या इंजिनाला जातं. त्या जाळीच्या तोंडावर काहीतरी चिकटून बसलं होतं. काकांनी ते दोन बोटांनी ओढून काढलं. लुगड्याची चिंधी. तेलाने काळी झालेली, पण घडीच्या आत अजून हिरवी. इतके महिने आत कुठेतरी अडकून राहिली असणार, आणि सरकत सरकत खाली आली असणार.

चिंधीला सुतळीचा बोटभर तुकडा होता. काकांनी तो अंगठ्याने पुसला आणि उजेडात धरला. तुटलेल्या सुतळीचं टोक पिंजारतं. हे टोक सपाट होतं, विळ्याने कापलेलं.

"सुतळी चुकत नाय," ते मला एकटीलाच ऐकू येईल असं पुटपुटले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दसऱ्याला मी तिथे बसले होते, हे त्यांना ठाऊक होतं. माझी नजर नकळत ओट्याकडे गेली असावी. त्यांना तेवढं पुरलं. मावशींची नजर अधू झाली होती. एवढ्या लांबून आमच्या दोघांच्या पाठींपलीकडचं काही त्यांना दिसत नव्हतं. काकांची मूठ मिटली. मूठ हाफपँटच्या खिशात गेली आणि रिकामी बाहेर आली.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"काय हाय?" मावशींनी विचारलं.

"तेलाच्या पंपाचा बोल्ट," काका म्हणाले. "ढिला व्हता. मीच कसायला विसरलो. तेल चढलं नाय, इंजिन जाम झालं." हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "माझी चूक हाय. माझ्या हातनं गेला तो."

माझ्या मिक्सरच्या वेळी ज्या आवाजात बोलले होते, त्याच आवाजात. मावशी उठल्या, आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

मी तिथून न्हाणीकडे गेले तेव्हा काका आंघोळीच्या पाण्याच्या चुलीपुढे बसले होते. चिंधी जळत होती. तेलामुळे जाळ मोठा झाला होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, हे काय केलंत तुम्ही? जन्मभर तोंड बघणार नाही ती तुमचं. सांगून टाका ना. तिने काय मुद्दाम केलं?"

"मुद्दाम नाय केलं म्हणून तर," ते म्हणाले. "तिला कळलं ना बाय, तर ती विहिरीकडं जाईल. मी वळखतो तिला. माझ्यावर राग हाय, तर निदान जेवेल. भांडी आपटायला तरी उठेल सकाळी." त्यांनी काठीने राख विस्कटली. "तू बोलशील का कुणाला?"

"नाही," मी म्हटलं.

नंतर त्यांनी ते जाम झालेलं इंजिन परत जीपमध्ये बसवलं. ते कधी सुरू होणार नव्हतं. सगळे बोल्ट कसले, पाइप जोडले, तारा खुणेप्रमाणे लावल्या, बॉनेट चढवलं. शेजारी म्हणाले, दुःखाने डोकं फिरलंय. मला कारण विचारायचा धीर झाला नाही. ती जीप चिंचेखाली उभी राहिली ती राहिलीच. चेपलेल्या मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालू लागल्या. काकांनी त्यानंतर काहीही उघडलं नाही. पंखा आवाज करत फिरायचा, तर तसाच फिरू द्यायचे. लोणच्याची बरणी स्क्रूंसकट तुळशीमागे पडून होती.

मावशी जेवण वाढायच्या आणि माझ्या खोलीच्या दिशेने सांगायच्या, "बाय, त्यांना सांग, ताट वाढलंय." ते दोन हातांवर असायचे. मीही सांगायची, "काका, ताट वाढलंय." ते येऊन जेवायचे, ताट धुऊन ठेवायचे. मला त्या दोघांचा इतका राग यायचा, की वाटायचं उद्या उठून सगळं ओरडून सांगावं आणि मोकळं व्हावं. पण मावशी जगत होत्या. शेतावर जायच्या, भात लावायच्या, भांडी आपटायच्या. काकांचा हिशेब बरोबर निघाला होता. दसऱ्याला मावशींनी पूजा मांडली नाही, पानेही धुतले नाहीत. काकाच गुपचूप एक झेंडूचं फूल जीपच्या काचेवर ठेवून आले.

मी बदली होऊन माझ्या तालुक्यात, शेणवे गावाजवळच्या शाळेत आले, आणि पुढच्या पावसाळ्यात काका गेले. बांधावर बसले ते बसलेच. कळलं तसं मी दुसऱ्या दिवशी गेले.

ओटीवर बायका बसल्या होत्या. शेजारणीने सगळ्यांना कोरा चहा दिला. मावशींच्या कपाळावर कुंकू नव्हतं आणि डोळे कोरडे होते. कुणीतरी रीत म्हणून म्हणालं, "देवमाणूस गेला."

"देवमाणूस कसला?" मावशी म्हणाल्या. अगदी काका बोलायचे तसं, सरळ. "माझं पोर त्याच्या हातनं गेलं. तोंडावर माफ केलं नाय मी, आता मेल्यावर कशाला खोटं बोलू?" सगळ्या खाली बघू लागल्या. मावशींनी पदराने तोंड पुसलं. चिंचेखालच्या जीपकडे बराच वेळ बघत राहिल्या. "पण एक मानते मी त्याचं. दुसरा असता तर इंजिन बंद ठेवून डंपरवाल्यावर ढकलून मोकळा झाला असता. यानं उघडलं आणि माझ्या तोंडावर सांगितलं, माझी चूक हाय म्हणून. खोटं नाय बोलला तो कधी. माझ्याशी तर नायच."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू व्हतीस ना तेवा, मास्तरीणबाय? सांग यांना. खरं ना?"

"खरं आहे, मावशी," मी म्हटलं, आणि चहाचे कप गोळा करायला उठले.